गौहरभाभीच्या गाठीचा पहिला मणी

यंदा धुळवडीच्या सकाळी आमच्या दिघीत एक बातमी दहाच्या आत तीन गल्ल्या फिरून आली. बातमी अशी, की गौहरभाभी साखरेच्या गाठीत साखरच घालत नाही. दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. कुणी म्हणालं, चीनची पावडर घालते. कुणी म्हणालं, खडू. मंदिरामागच्या एका आजींनी तर गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की गाठी चोखल्यावर त्यांच्या नातवाचं चोंदलेलं नाक मोकळं झालं, म्हणजे आत बाम असणार.

मी ही बातमी पसरवली असं काही लोक म्हणतात. ते साफ खोटं आहे. मी फक्त माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला "खरं आहे का हो?" एवढंच विचारत होतो.

तर खरं काय ते सांगतो. गौहरभाभी गाठीत साखर घालते आणि साखरच घालते. पण आजींच्या नातवाचं नाक मोकळं झालं, हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते सांगायचं तर भाभी पहिल्यापासून सांगावी लागेल. आणि ती मीच सांगितली पाहिजे. एक तर तिची नि माझी भिंत एक. दुसरं म्हणजे या भानगडीत वापरलेलं लॅमिनेशन माझ्या दुकानातलं आहे.

भाभी बार्शीची. लग्न होऊन दिघीत आली, त्या पहिल्याच सकाळी पलीकडच्या लष्कराच्या हद्दीतून धडाम असा आवाज झाला आणि नवी नवरी पलंगाखाली गेली. तिला वाटलं, लढाई सुरू झाली. सासूने चहाचा कप पलंगाखाली सरकवला आणि म्हणाली, "रोजचंच आहे, पी." आता त्या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली. हल्ली तो आवाज झाला की भाभी फक्त कढईवर झाकण ठेवते, पत्र्याची धूळ पडते म्हणून.

नवरा इम्तियाज, त्याचं भोसरीला गॅरेज. गाडीचं बॉनेट सोडून जगात दुसरं काही उघडायची त्याला हौस नाही. गाठीचं काम सासऱ्यांचं, अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली चालायचं. त्यांनी बार्शीहून आणलेले सागवानी साचे आजही तेच आहेत, हात लागून लागून काळेभोर झालेले. रात्रभर ते पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे पाक चिकटत नाही. सकाळी दोन फळ्यांच्या मधे दोरा ताणायचा, फळ्या सायकलच्या ट्यूबने करकचून आवळायच्या. कढईत पाक चढला की थोडं दूध सोडायचं. साखरेतला मळ वर येतो, तो झाऱ्याने काढायचा. मग पाक कढईच्या कडेला घोटायचा, तो दुधाळला की साच्याच्या तोंडात ओतायचा. थोड्या वेळाने ट्यूब सोडायची, फळ्या उघडायच्या, की आत पांढरीशुभ्र माळ, फुलाफुलांच्या मण्यांची. होळीपासून पाडव्यापर्यंत भोसरीपासून आळंदी रोडपर्यंतच्या दुकानांत ज्या गाठी टांगलेल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच या पत्र्याखालून गेलेल्या असतात.

देशाची साखर कुठं चालली आहे हे भाभीला पेपर न वाचता कळतं. ती पोत्यात कोपरापर्यंत हात घालते आणि निकाल देते. "पूर्वी पोतं तागाचं होतं नि दाणा मोठा होता. आता पोतं पण प्लास्टिकचं, नि दाणा असा, की मिठाच्या बरणीत गेला तर सापडायचा नाही." एका वर्षी सरकार म्हणालं, उसाच्या रसाचं इथेनॉल करू नका. पुढं म्हणालं, करा. भाभीने दोन्ही वर्षी दुकानदाराला एकच सांगितलं, "मला मोठा दाणा द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा."

तिचा मुलगा शादाब चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथं गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या बनतात. एकदा जेवताना तो अभिमानाने म्हणाला, "अम्मी, पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. म्हणजे तुझ्या कढईतला ऊस माझ्या नळीतून जातो."

"म्हणजे माझी साखर चोरणारा घरातच आहे," भाभी म्हणाली. "भाजी घे."

आता या गोष्टीतला मोठा माणूस येतो, तो म्हणजे समोरच्या घरातले दौलतराव. दिघीचंच जुनं घर. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. काम तपासणीचं. दुसऱ्याने केलेला पार्ट घ्यायचा, ठोकायचा, कानाशी धरायचा, आणि पास किंवा फेल म्हणायचं. तिसरा शब्द नाही. निवृत्त झाले तरी बोट थांबत नाही. नारळ ठोकतात, कलिंगड ठोकतात, नव्या बिल्डिंगच्या फरशा ठोकतात. माझ्या डोक्यावर एकदा टिचकी मारून "पोकळ" म्हणाले होते. मी ते मनावर घेतलेलं नाही.

तेहतीस वर्षांपूर्वी रमजान असाच होळीच्या हंगामात आला होता. भट्टीवर सगळे रोजेदार. पाक दिसायला बरोबर, पण दिवसाउजेडी जिभेला लावायचा कुणी? भाभीच्या सासऱ्यांनी समोरून डबा घेऊन चाललेल्या तरण्या दौलतरावांना हाक मारली आणि हातावर पहिला मणी ठेवला. दौलतरावांनी तो दाढेखाली धरला आणि फोडला. "कट्" असा आवाज लष्कराच्या गेटपर्यंत गेला.

"पास," दौलतराव म्हणाले.

सासरे म्हणाले, "रमजान संपला की मी स्वतः चाखीन, तुम्हाला त्रास नाही."

"तसं न्हाई चालत, चाचा," दौलतराव म्हणाले. "जो बनीवतो त्यानं पास करायचं न्हाई. आमच्या कंपनीत हाय तसं."

ते सासऱ्यांना इतकं पटलं की तो रिवाजच झाला. पुढे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकत थंडीत गेला, दिवाळीत गेला, पावसाळ्यात गेला, उन्हाळ्यातून फिरून पुन्हा होळीला येऊन टेकला. सासरे गेले. पण दौलतरावांनी पहिला मणी फोडून "पास" म्हटल्याशिवाय एक माळ पत्र्याबाहेर गेली नाही. दुकानदारांना तो शब्द माहीत. फोनवर विचारतात, "भाभी, दात लागला का?" लागला, की टेम्पो निघतो.

आणि यंदा दात लागेना.

झालं असं, की जानेवारीत दौलतरावांनी रक्त तपासून घेतलं आणि त्यात साखर वाढलेली निघाली. रिपोर्ट त्यांनी खिशात ठेवला, पण शर्ट धुवायला टाकला. शर्ट कुसुमताईंच्या हाती गेला. कुसुमताई म्हणजे दौलतरावांची बायको, आणि त्या घरातली खरी तपासणी. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय याच दुखण्यात गेलेला, त्यामुळे त्या बाबतीत हसणं-खिदळणं नाही. दुसऱ्या दिवसापासून साखरेचा डबा घराबाहेर, म्हणजे माझ्याकडे. चहा बिनसाखरेचा. बिस्किटं मोजून.

"आमाला काय," दौलतराव कट्ट्यावर येऊन म्हणायचे. "आमी सोडली गोडी. डॉक्टर म्हणला, आमी ऐकलं." आणि हे सांगताना चेहरा असा करायचे, की त्यांना पाहून मलाच जिलेबी घ्यावीशी वाटायची.

फेब्रुवारीत भाभीची पहिली कढई चढली. माळा निघाल्या. भाभी हातात एक मणी घेऊन समोरच्या दारात गेली.

"ताई, एकच मणी. वर्षाचा."

"हरभऱ्याएवढा द्यायचा न्हाई नि वाटाण्याएवढा न्हाई," कुसुमताई म्हणाल्या. "गौहर, तुजा हंगाम हाय, माजा नवरा हाय."

"मग माझा हंगाम थांबतो, ताई."

"थांबू दे की. नवरा थांबला तर काय करू?"

भाभी मणी मुठीत घेऊन परत फिरली.

मी भिंतीवरून सुचवलं, की भाभी, रोजा सोडल्यावर तुम्हीच चाखा आणि मोकळ्या व्हा. ती म्हणाली, "मी चाखली. छान झालीय. माझ्या तोंडाला माझी चीज कधी वाईट लागलीय का? दात दुसऱ्याचाच पाहिजे." दुसरा म्हणून मी माझा दात पुढं केला. भाभीने तो बघितला आणि विषय बदलला.

आता तिने उलट बाजूने विचार केला. दौलतरावांना साखर चालत नाही ना? मग बिनसाखरेचा मणी करायचा. त्यांनी तो फोडावा, ‘कट्’ वाजवावा, रिवाज पुरा. यात मदतीला आली विजयश्री, दौलतरावांची सून. ती हिंजवडीला नोकरी करते, दिवसाचे चार तास कॅबमध्ये बसते, आणि तिच्या ऑफिसात साखर म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरकतात. तिने एक छोटी डबी आणली, कसल्याशा पानांच्या अर्काची. म्हणाली, "काकू, साखरेच्या कितीतरी पट गोड. चिमूटभर पुरे."

भाभीने चिमूटभर पावडर घेतली आणि साच्याकडे बघत राहिली. चिमटीने साचा कसा भरायचा? पाण्यात घालून उकळली, तर पाणी गोड झालं आणि पाणीच राहिलं. भाभी म्हणाली, "गोडी हाय, पण अंगच न्हाई. हे म्हणजे नुसता आवाज, माणूस न्हाई."

विजयश्रीने मग दुसरी वस्तू आणली, ऑफिसातल्या तिघींनी मिळून मागवलेला मोठा पुडा. पांढरी, दाणेदार, दिसायला अगदी साखर. नाव एरिथ्रिटॉल, गोड लागते पण रक्तातली साखर वाढवत नाही. ही मात्र कढईत वितळली, साच्यात उतरली, थिजली. फळ्या उघडल्या तर अशा देखण्या माळा, की भाभीने त्या दोन मिनिटं उजेडात धरून पाहिल्या. पंधरा माळा झाल्या. शादाब सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होता. त्याने एक मणी चिमटीत मोडला. कट्! रोजा होता, तोंडात घालायचा प्रश्नच नव्हता. पण आवाज पास होता.

इथे माझं लॅमिनेशन येतं. शादाबने कंपनीतली शिस्त पत्र्याखाली आणलेली. जमिनीवर पिवळा पट्टा मारला, कढईची जागा आखली, झाऱ्याला नंबर दिला. आईची चप्पल पट्ट्याच्या बाहेर दिसली की "अम्मी, जागेवर." त्याचे टॅग मीच छापून लॅमिनेट करून दिले होते. माल थांबवायचा असेल तर पिवळा, निघाला तरी चालेल तर हिरवा, टाकून द्यायचा तर लाल. खऱ्या साखरेच्या माळा दौलतरावांच्या दातासाठी थांबलेल्या, म्हणून त्या ज्या बांबूला टांगल्या होत्या त्याला त्याने पिवळा लावला. या नव्या माळांची चाचणी यशस्वी झाली, म्हणून त्या बांबूला हिरवा लावला, आणि तो चाकणला गेला.

संध्याकाळी रोजा सोडल्यावर भाभीने नव्या माळेचा मणी फोडला. नंतर मला सांगत होती, "भाऊ, जिभेवर कुणी फ्रिज उघडला असं वाटलं." गोड होता, पण गार. असा गार, की श्वास घेतला तर दातात वारा शिरतो. भाभीने ठरवलं, ही गाठी नव्हे. दौलतरावांच्या दाताखाली हे देणं म्हणजे त्यांना फसवणं. माळा तशाच ठेवल्या. टॅगला तिने हात लावला नाही, तो मुलाचा विभाग.

दुसऱ्या दिवशी होळी. दुपारी भाभी नमाज पढून जरा आडवी झाली होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा पिंटू आला. होळीला पोरांच्या गळ्यात घालायला गाठी पाहिजेत आणि भाभीकडून माल सुटेना, त्यामुळे तो आठ दिवस तळमळत होता. हाक मारली, कुणी ओ दिली नाही. वर बघितलं, तर एक बांबू पिवळा, एक हिरवा.

दुसरा कुणी असता तर रंग बघून गोंधळला असता आणि परत गेला असता. पण पिंटूने दुकान टाकण्याआधी चाकणला डिस्पॅचमध्ये तीन वर्षं काढलेली. हिरवा म्हणजे गाडीत भर, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने हिरव्या बांबूवरच्या पंधराच्या पंधरा माळा काढल्या, चिठ्ठी लिहून ठेवली, "हिरवा माल नेला. पिवळ्याला हात लावलेला नाही. पिंटू," आणि शीळ घालत गेला.

संध्याकाळी होळीभोवती पंधरा पोरं माळा घालून नाचली आणि मणी चोखायला लागली. बाकी तुम्हाला माहीतच आहे.

धुळवडीला भाभीचा फोन सारखा वाजला. भोसरीचा दुकानदार म्हणाला, यंदा जरा बघू. आळंदी रोडचा म्हणाला, भाभी, लोक विचारतायत. तिने समजावलं, की ती चाचणीची पावडर होती, चुकून गेली. पण जेवढं समजावावं तेवढं लोकांना वाटे, म्हणजे पावडर आहेच. तेहतीस वर्षं ज्या नावावर टेम्पो निघत होता, ते नाव एका पोराच्या नाकाने अडवलं. पाडवा पंधरा दिवसांवर, आणि पत्र्याखाली माळा लटकलेल्या. भाभीने शेगडी बंद केली, पदर खोचला आणि नुसती बसली. तिला नुसतं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर मी दुकानात कुणालाच काही विचारलं नाही.

पिंटू आला आणि कान धरून भाभीपुढं उकिडवा बसला. "भाभी, हिरवा होता."

"ऊठ."

"पण हिरवाच होता, भाभी!"

शादाब वही घेऊन बसला. "अम्मी, कम्प्लेंट आली की आधी रूट कॉज काढतात."

"रूट कॉज माझ्याच पोटी आलाय," भाभी म्हणाली. "वही ठेव नि चप्पल बघ, पट्ट्याबाहेर तुझीच आहे."

उपाय एकच होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. चारचौघांत दौलतरावांनी खऱ्या साखरेचा मणी फोडायचा आणि पास म्हणायचं. भाभी पुन्हा समोरच्या दारात गेली. या वेळी हातात काहीच नव्हतं.

"ताई, मी मागत न्हाई. तुमी सांगा, किती चालंल?"

कुसुमताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. बातमी त्यांनीही ऐकली होती, बहुतेक माझ्याच दुकानात. मग डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर हसले असावेत, कारण ताईंनी फोन जरा लांब धरला. आत गेल्या, ज्वारीच्या डब्यातून एक दाणा आणला आणि भाभीच्या तळहातावर ठेवला.

"एवढा. याच्यापेक्षा मोटा झाला तर दार बंद."

"ताई, एवढ्याचा साचा कुणी केलाय का कधी?"

"मग कर."

भोसरीला भैरू सुतार आहे. तो पाट-चौरंग करत नाही, फाउंड्रीसाठी लाकडाचे नमुने कोरतो, ज्यांच्यावरून लोखंडाचे पार्ट ओततात. केसाचा फरक चालत नाही असलं काम. भाभीने त्याच्यापुढं ज्वारीचा दाणा ठेवला, तेव्हा त्याने आधी दाणा बघितला, मग भाभी बघितली, मग चहा मागवला. भाभीचा रोजा, म्हणून एकट्यानेच प्याला. शादाबने ड्रॉइंग काढून दिलं. भैरूने ते बाजूला ठेवलं आणि दाणा चिमट्यात धरून सागवानावर दोन दिवस मान मोडली. साचा तयार झाला तो आगपेटीएवढा. पाच मणी, मधे जाणारा दोरा म्हणजे साडीच्या फॉलचा धागा. भैरू म्हणाला, "भाभी, इंजिनाचे भाग कोरले, पण एवढा घाम आला नव्हता."

पाक ओतताना आणखी गंमत. चमच्यातला पाक साच्याच्या तोंडाशी येईतोवरच थिजायचा. सहा वेळा फुकट गेलं. सातव्या वेळी भाभीने विणायची सुई पाकात बुडवून थेंब थेंब सोडला. फळ्या उघडल्या. आत पाच दाणे, मुंगीच्या लग्नात घालावी अशी माळ.

रविवारी सकाळी सगळी गल्ली पत्र्यापुढं जमली. पिंटूने पापक्षालन म्हणून भोसरी आणि आळंदी रोडच्या दोन्ही दुकानदारांना स्वतःच्या गाडीवर बसवून आणलं होतं. पलीकडच्या पंक्चरवाल्याने कॉम्प्रेसर बंद केला, कारण एवढ्याशा मण्याचा आवाज तो केवढा! दौलतराव इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशाला पेन. कुसुमताई शेजारी उभ्या. त्यांनी चष्मा लावून ज्वारीचा दाणा आणि मणी जवळ जवळ धरून पाहिले. मग मान हलवली.

दौलतरावांनी एक मणी तोडला. समोरच्या दातांत धरला. डोळे मिटले. गल्लीत एक भांडं वाजेना.

आणि लष्कराच्या हद्दीतून धडाम!

पत्रा थरथरला. कबुतरं उडाली. दौलतरावांनी डोळे उघडले, आणि तोंडात मणी नव्हता.

"काका, पास ना?" पिंटू अधीर झाला.

दौलतरावांनी दातांवरून जीभ फिरवली.

"म्हणा की काका. सगळे थांबलेत."

"मणी फुटला," दौलतराव म्हणाले. "पर वाजला का न्हाई, मला ऐकू आलं न्हाई. न ऐकता पास म्हणू? चौतीस वर्सांत म्हणलो न्हाई."

गल्लीने सुस्कारा सोडला. भोसरीच्या दुकानदाराने घड्याळ बघितलं. भाभीच्या हातात उरलेली चार मण्यांची माळ होती, आणि सगळ्यांची नजर कुसुमताईंकडे वळली.

"दुसरा न्हाई," कुसुमताई म्हणाल्या. "एक ठरला व्हता."

"व्हय," दौलतराव म्हणाले. "एकच ठरला व्हता."

कुसुमताईंनी माळ भाभीच्या हातातून घेतली. एक मणी तोडला आणि सरळ स्वतःच्या तोंडात टाकला. मग पुढं होऊन, सगळ्या गल्लीसमोर, गाल नवऱ्याच्या कानाला टेकवला.

दौलतरावांच्या कानाची पाळी लाल झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

कट्.

आम्हाला ऐकू आला नाही. पण दौलतरावांच्या चेहऱ्यावर तो वाजलेला दिसला.

"पास!" ते ओरडले, गरजेपेक्षा जरा मोठ्याने.

"नि गोड हाय," कुसुमताई दुकानदारांकडे वळून म्हणाल्या. "गारबीर काय न्हाई. आमच्या घरात दोघांचीबी साखर जानेवारीपासनं बंद हाय, तवा माज्या जिभेला आता खरं-खोटं लगेच कळतं."

दोघांची बंद होती, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि डबा माझ्याकडे होता. दौलतरावांनाही नसावं, कारण ते बायकोकडे बघतच राहिले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, तेव्हा ताई ओरडल्या, "काय तमाशा लावलाय? टेम्पो भरा!"

शादाबने पिवळा टॅग काढून हिरवा लावला. पिंटूने तो तीनदा वाचून घेतला आणि मग माळांना हात लावला. दुपारपर्यंत बांबू रिकामा झाला, आणि पाडव्यापर्यंत भाभीच्या कढईला दम मिळाला नाही. पंधरा पोरांना तिने खऱ्या साखरेच्या माळा घरोघर नेऊन दिल्या. आजींच्या नातवाने मात्र "ती गार वाली" मागितली.

पाडव्याला समोरच्या गुढीवर दोन गाठी होत्या. एक नेहमीची, हातभर. आणि तिच्या शेजारी तीन मण्यांची, ती बघायला जवळ जावं लागत होतं. ईद पाठोपाठच होती. भाभी अंगणात शेवया वाळवत होती. सणाच्या दिवशी काहीतरी खोडी काढायलाच हवी, म्हणून मी भिंतीवर कोपर टेकलं आणि म्हणालो, "भाभी, दिघीत अजून बोलतायत हो, की दौलतरावांच्या गाठीत तुम्ही साखर घालतच नाही."

भाभीने मान वरही केली नाही. म्हणाली, "मी गाठी बाहेर सोडायच्या आधी एक मणी दुसऱ्याच्या दाताखाली देते, भाऊ. तुमी बातमी बाहेर सोडायच्या आधी कुणाला देता?"